काउंटरच्या अलीकडची नोकरी

गेल्या महिन्यात माझी भाची ऐरोलीहून नेरूळला माझ्याकडे आली ती नोकरीची दोन पत्रे घेऊनच. ती यंदा बी.कॉम. झाली आहे. एक पत्र ठाण्यातल्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयातल्या नोकरीचे होते, पद ‘फ्रंट ऑफिस एक्झिक्युटिव्ह’. दुसरे महापे येथील मेडिकल बिलिंग करणाऱ्या एका कंपनीचे, पद ‘एआर कॉलर’, वेळ संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. दुसऱ्या पत्रातला पगार पहिल्यापेक्षा बराच अधिक होता. “मावशी, तू इतकी वर्षे याच कामात आहेस. यात पुढे काही आहे का, की जन्मभर केसपेपरच काढत बसायचे?” असे तिने विचारले. त्या दिवशी चहा पिता पिता मी तिला बरेच काही तुटकपणे सांगितले. ते सलगपणे मांडावे, म्हणून हे लिहीत आहे.

डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ हे रुग्णालयाचे दिसणारे लोक. न दिसणारे किंवा दिसूनही लक्षात न राहणारे लोक म्हणजे आम्ही: नोंदणी करणारे, बिल करणारे, वॉर्ड क्लार्क, विम्याची कागदपत्रे पाठवणारे, नोंदी सांभाळणारे, डॉक्टरांच्या भेटीच्या वेळा आणि पत्रव्यवहार पाहणारे. जाहिरातीत या सगळ्यांना मिळून ‘हॉस्पिटल ॲडमिन’ असे एकच नाव असते आणि पहिली फसगत तिथेच होते, कारण या कामांचे भवितव्य एकसारखे मुळीच नाही. त्यांतील काही कामे डोळ्यांदेखत आटत चालली आहेत, तर काहींना आज माणसे मिळत नाहीत.

आटणे म्हणजे काय, हे मी स्वतः भोगले आहे. 2002 साली मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या कामाला लागले, तेव्हा वाशी स्थानकाच्या संकुलात आमचे कार्यालय होते. कानांना हेडफोन, पायाखाली ध्वनिफीत थांबवण्या-चालवण्याचे पेडल आणि समोर संगणक. अमेरिकेतला डॉक्टर घाईघाईने, कधी जेवता जेवता, रुग्णाचा वृत्तांत बोलून ठेवी आणि आम्ही तो टंकित करत असू. मोजणी ओळीवर होती. 65 अक्षरांची एक ओळ धरली जाई आणि पगाराचा मोठा भाग त्या ओळींवर अवलंबून असे. त्या काळात हे फार मोठ्या भविष्याचे क्षेत्र मानले जात होते आणि ठाण्यापासून बेलापूरपर्यंत त्याचे शिकवणी वर्ग जोरात चालत. मग आवाजावरून मजकूर तयार करणारी प्रणाली आली. आधी ती आम्हाला हास्यास्पद वाटली, कारण ती औषधांची नावे भलतीच लिहीत असे. पुढे आमच्याकडे तिने लिहिलेला मजकूर दुरुस्त करण्याचेच काम येऊ लागले आणि ओळीमागचा दर उतरत गेला. 2009 साली अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदींसाठी अनुदान देणारा कायदा झाला, तसे तिथले डॉक्टर थेट पडद्यावरच्या तयार रकान्यांमध्ये नोंदी करू लागले. 2021 साली मायक्रोसॉफ्टने न्युआन्स ही आवाज ओळखणारी कंपनी सुमारे 19.7 अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हा मी ते काम सोडून बरीच वर्षे झाली होती. तरी ती बातमी वाचताना पाय आपोआप टेबलाखाली पेडल शोधू लागला, हे खरे आहे. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या अंदाजांतही ट्रान्सक्रिप्शनच्या नोकऱ्या घटत्या, तर वैद्यकीय नोंदी आणि कोडिंग, म्हणजे निदान-उपचारांना ठरावीक संकेतांक देण्याचे काम, सांभाळणाऱ्यांच्या नोकऱ्या वाढत्या दाखवलेल्या आहेत.

या दोन कामांतला फरक मी भाचीला असा सांगितला: दुसऱ्याने सांगितलेले जसेच्या तसे उतरवायचे, एवढेच ज्या कामात आहे ते काम यंत्राकडे जाणार. पण दोन कागदांत विसंगती असेल तर खरे काय ते विचारून ठरवायचे, त्याची जबाबदारी घ्यायची आणि समोरच्या घाबरलेल्या माणसाला ते समजेल असे सांगायचे, हे काम माणसाकडेच राहणार. त्याला योग्य पगार मिळेलच असे मात्र नाही. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे मी नंतर येते.

नोंदणीच्या खिडकीचेच पाहा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 साली देशभर सुरू झाले, त्यात रुग्णाची डिजिटल ओळख म्हणून 14 अंकी आभा क्रमांक आला. जिथे ही सोय आहे तिथे रुग्णाने भिंतीवरचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट रुग्णालयाच्या प्रणालीत जातो आणि टोकन मिळते. म्हणजे नाव विचारून टंकित करणे हे जे केसपेपरच्या खिडकीवरचे मुख्य काम, ते रुग्ण स्वतःच करू लागला आहे. अर्थात खिडकीसमोर अजूनही एखादे आजोबा बटणांचा फोन घेऊन उभे असतात आणि एखादी सून सासूचे आधार कार्ड घरी विसरून आलेली असते, त्यामुळे माणूस लागतोच. पण जिथे चार लागत तिथे दोन पुरतील. म्हणून या खिडकीवर शिकण्यासाठी अवश्य बसावे, पण तिथे दोन वर्षांपेक्षा अधिक राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माणसे मिळत नाहीत ती विम्याच्या टेबलावर, ज्याला सगळे ‘टीपीए डेस्क’ म्हणतात. गेली अनेक वर्षे मी तिथेच आहे, त्यामुळे माझा कल त्या बाजूला आहे हे आधीच कबूल करते.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे अर्ज भरून पाठवणे वाटते. प्रत्यक्षात रुग्ण भरती होताना आम्ही पूर्वमंजुरीचा, म्हणजे ‘प्री-ऑथ’चा अर्ज पाठवतो, त्यात निदान, प्रस्तावित उपचार, अंदाजे खर्च, खोलीचा वर्ग हे सगळे असते. विमा कंपनी किंवा तिच्या वतीने काम पाहणारी टीपीए ही मधली संस्था त्यावर शंका काढते, तिला ‘क्वेरी’ म्हणतात. हा आजार पॉलिसी घेण्यापूर्वीपासून होता का, मधुमेह किती वर्षांचा आहे, पहिली चिठ्ठी कुठे आहे, भरती करण्याची गरजच काय होती, अशा त्या शंका असतात आणि त्यांचे उत्तर देण्यासाठी शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी उभे राहून डॉक्टरांना गाठावे लागते. डॉक्टरांना हा आमचा उपद्व्याप वाटतो, नातेवाइकांना आमचा आळस वाटतो आणि टीपीएच्या फोनवरील व्यक्तीला आम्ही काहीतरी लपवत आहोत असे वाटते. या तिघांशी तीन भाषांत, तेही आवाज न चढवता बोलता येणे, हे या नोकरीतले खरे कौशल्य आहे. ते कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

विमा नियामक प्राधिकरणाने 29 मे 2024 रोजी आरोग्य विम्याचे जे परिपत्रक काढले, त्यानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि रुग्णालयाने डिस्चार्जसाठी मंजुरी मागितल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशीर होऊन रुग्णालयाचे बिल वाढले, तर तो भार विमा कंपनीने सोसायचा. हा नियम वाचून लोकांना वाटते की आता आमचे काम सोपे झाले. उलट आमच्यावरची घाई वाढली, कारण घड्याळ सुरू होते ते रुग्णालयाने पूर्ण कागद पाठवल्यावर. डॉक्टरांनी सकाळी दहाला “उद्या नाही, आजच घरी जा” असे म्हटले की नातेवाईक पिशव्या भरून बसतात. पण डिस्चार्ज समरीवर सही व्हायची असते, फार्मसीतून परत केलेल्या औषधांची वजावट व्हायची असते, शेवटच्या तपासणीचा अहवाल यायचा असतो. हे सगळे दुपारी दोनपर्यंत जमवून आणणारी मुलगी ज्या रुग्णालयात आहे, तिथल्या खाटा संध्याकाळपर्यंत रिकाम्या होतात आणि आपत्कालीन विभागात ताटकळणाऱ्या रुग्णाला जागा मिळते. मालकवर्गाला हे आता कुठे उमगू लागले आहे.

एक उदाहरण भाचीला कागदावर करून दाखवले, तेच इथे देते. समजा, पाच लाखांची पॉलिसी आहे आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये आहे. कुटुंबाने हौसेने किंवा नाइलाजाने 8,000 रुपयांची खोली घेतली. आता वजावट फक्त तीन हजारांची होत नाही. अशा पॉलिसीत डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क असे खोलीच्या वर्गाशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे 62.5 टक्केच मंजूर होतात. एक लाखाच्या अशा खर्चावर 37,500 रुपये रुग्णाच्या अंगावर येतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही, हेही माहीत असावे लागते, कारण कधी कधी ती चुकून लावलेली असते आणि ती मागे घ्यायला लावणे हे आमचेच काम असते. भरतीच्या वेळी पाच मिनिटे घालवून हे सांगितले, तर डिस्चार्जच्या वेळची रडारड टळते. आमच्याकडे निम्मी भांडणे या एका गोष्टीवरून होतात.

आता माझी स्वतःची चूक. काही वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या प्री-ऑथमध्ये मी घाईत डाव्याऐवजी उजवा लिहिले. शस्त्रक्रिया अर्थातच डाव्या गुडघ्यावर नीट झाली. पण डिस्चार्जच्या दिवशी समरीत डावा आणि मंजुरीत उजवा, म्हणून क्वेरी आली. सर्जन दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेत अडकलेले होते आणि ते आजोबा चाकाच्या खुर्चीत रात्री साडेनऊपर्यंत बसून राहिले. त्यांचा मुलगा मला एक शब्दही बोलला नाही, आणि तेच जास्त लागले. तेव्हापासून मी बाजू नेहमी दोनदा लिहिते, एकदा शब्दात आणि एकदा लाल शाईने माझ्या वहीत.

नावांचा घोळ तर आपल्याकडे विशेषच. पॉलिसीवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि रेशन कार्डावर नुसतेच ‘सुनंदाबाई’. यांतून एकच व्यक्ती सिद्ध करायची. बाळंतपणानंतर 21 दिवसांत जन्माची नोंद जायला हवी, त्यात आईचे नाव कोणते लिहायचे यावरून दोन्ही घरांत मतभेद झालेलेही मी पाहिले आहेत. परदेशी बनावटीचे कोणतेही सॉफ्टवेअर हा पेच सोडवायला येणार नाही, असे निदान माझ्या उरलेल्या नोकरीपुरते तरी मला वाटते.

सरकारी योजनांच्या बाजूला हेच काम ‘आरोग्यमित्र’ करतात. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता पण ठाणे नव्हता. त्यामुळे कामोठे-पनवेलकडच्या लोकांना ती आधी मिळाली आणि त्याच नवी मुंबईत, पण ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हा नेरूळ-वाशीकरांना नंतर. आता ती कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत आहे, तिच्यासोबत केंद्राची आयुष्मान भारत योजना आहे, आणि 2024 पासून सत्तरीवरील सर्वांना उत्पन्न न पाहता आयुष्मानचे कार्ड मिळू लागले आहे. काम वाढणार यात शंका नाही. पण आरोग्यमित्र हे कायम शासकीय सेवेत नसतात, ते विमा कंपनीच्या किंवा टीपीएच्या मार्फत नेमले जातात, हे ‘सरकारी नोकरी’ समजून अर्ज करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

नोंदी विभागाबद्दल, म्हणजे एमआरडीबद्दल, कोणी विचारत नाही. तो बहुधा तळघरात असतो आणि तिथे बदली म्हणजे शिक्षा समजली जाते. माझ्या मते नव्या मुलांसाठी सर्वांत चांगली वाट तीच आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या विनियमांनुसार भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत द्याव्या लागतात. पोलिसांकडे गेलेल्या प्रकरणांची फाइल न्यायालयात मागवली जाते, रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचचे तपासणीस येतात तेव्हा पहिल्यांदा फाइलीच उघडतात आणि प्रत्येक निदानाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी पद्धतीनुसार क्रमांक द्यावा लागतो. शिवाय 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्याच्या अनुसूचीत आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा स्वतंत्र गट आहे, त्यात क्लिनिकल कोडर आहे आणि मेडिकल सेक्रेटरीही आहे. ज्या कामाला आजवर ‘कारकुनी’ म्हणून हिणवले गेले, त्याला कायद्याने व्यवसाय म्हटले आहे. या कायद्याची घडी पूर्ण बसल्यावर पदविका किंवा पदवी नसलेल्यांची अडचण होईल, तेव्हा ती आताच करून घेतलेली बरी.

महाप्याच्या कंपनीकडे वळते. तिथले काम अमेरिकी रुग्णालयांच्या बिलांचे आहे. एआर कॉलर म्हणजे तिथल्या विमा कंपनीला फोन करून अडकलेल्या पैशांचा पाठपुरावा करणारा. क्लेम नाकारला गेला तर तो का, हे शोधणारा. फोन धरून चाळीस मिनिटे तेच संगीत ऐकायचे आणि शेवटी “पुन्हा पाठवा” एवढेच ऐकून घ्यायचे, असे पुष्कळदा होते. तिथेही मागील पानावरून पुढे नेण्याची कामे, म्हणजे आलेली रक्कम खात्यावर चढवणे, विमा चालू आहे का ते तपासणे, ही यंत्रे करू लागली आहेत. टिकाऊ आहे ते कोडिंग आणि त्यावरील तपासणी. अमेरिकेने 1 ऑक्टोबर 2015 रोजी जुनी पद्धत सोडून आयसीडी-10 घेतली, तेव्हा निदानाचे संकेत सुमारे 14,000 वरून जवळजवळ 70,000 वर गेले, आणि दरवर्षी 1 ऑक्टोबरला त्यांत बदल होतात. म्हणून कोडरचा अभ्यास संपत नाही. सीपीसी ही कोडिंगची परीक्षा दिलेल्याला ऐरोली-महापे पट्ट्यात विचारणा होते. जीवशास्त्र घेतलेल्यांना ते सोपे जाते, पण वाणिज्य शाखेच्या मुलीने शरीररचनेची सहा महिने मनापासून तयारी केली तर तिलाही जमते.

या बाजूचा धोका असा की, तिथले कायदे, तिथले संकट, सगळे आपल्यावर येते. फेब्रुवारी 2024 मध्ये चेंज हेल्थकेअर या अमेरिकी कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्यामार्फत जाणारे क्लेम कित्येक आठवडे अडकून पडले. रात्रपाळीचा शरीरावर होणारा परिणाम मी सांगायला नको. मी ती आठ वर्षे केली आणि अजूनही मला रात्री दोनला भूक लागते.

राहिला पगार. माझ्याकडे लोकांना दाखवण्यासारखा तक्ता नाही, पण एक खूण आहे. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, पगाराची मर्यादा महिन्याला 21,000 रुपये आहे आणि रुग्णालयांत नव्याने लागलेल्या बहुतेक मुलामुलींच्या पगारपत्रकावर ती 0.75 टक्क्याची कपात मी अनेक वर्षे पाहत आले आहे. ज्या महिन्यात ती कपात थांबते त्या महिन्यात मुले पेढे आणतात, आणि आजारी पडल्यावर आपल्याच रुग्णालयात पूर्ण बिल भरावे लागेल हे त्यांना नंतर कळते. वर चढण्याची शिडीही तोकडी आहे. व्यवस्थापकाच्या खुर्चीवर बहुधा बाहेरून एमएचए, म्हणजे रुग्णालय प्रशासनातली पदव्युत्तर पदवी, घेतलेली व्यक्ती येते. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून किंवा तशाच ठिकाणाहून शिकलेली. तिला आम्ही पहिले सहा महिने काम शिकवतो आणि नंतर तिच्याकडून रजा मागतो. यात मत्सर नाही असे मी म्हणणार नाही. पण नोकरी करता करता ती पदवी घेण्याची हिंमत मी तिशीत केली असती, तर आज चित्र वेगळे असते, हेही तितकेच खरे.

मागणीची मला चिंता वाटत नाही. मी कामाला लागले तेव्हाची नवी मुंबई आणि आजची यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नेरूळला डी. वाय. पाटील, बेलापूरला 2016 पासून अपोलो, खारघरला टाटा स्मारकचे कर्करोग केंद्र, ठाण्यात 2007 पासून ज्युपिटर, कळव्याचे महापालिका रुग्णालय, आणि घोडबंदर रस्त्यावर तर दर दोन थांब्यांमागे एखादे नर्सिंग होम. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी फाइल लावणारे लागतेच. प्रश्न कोणत्या टेबलावर आणि कोणाच्या पटावर, हा आहे.

भाचीला मी म्हटले, दोन्ही पत्रांत पगाराचा आकडा पाहिलास, आता खाली सही कोणाची आहे ते पाहा. ठाण्याच्या पत्रावर वर रुग्णालयाचे नाव मोठ्या अक्षरांत होते, पण सही निघाली मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका संस्थेची. भविष्य निर्वाह निधीचा उल्लेख होता, अकरा महिन्यांची मुदतही होती. तिने तिथे फोन केला. सहा महिन्यांनी काम पाहून रुग्णालयाच्या पटावर घेऊ आणि टीपीए डेस्कवर बसवू, असे तोंडी सांगण्यात आले. तेच लिहून द्यावे, अशी विनंती करणारा ई-मेल तिने माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून पाठवला. उत्तर अजून आलेले नाही, आणि महाप्याच्या कंपनीने दिलेली मुदत शुक्रवारी संपते.